सुती अस्तर

८ नोव्हेंबर १९५९, रविवार

ही डायरी छापखान्यातून आली. मुखपृष्ठ तिरकं छापलं गेलं म्हणून विकली गेली नाही, आणि वर्षभर कोनाड्यात पडून होती. आज काढली, कारण आज घरात बोलायची चोरी आहे. मी आनंद दाखवला की सासूबाईंना वाटतं, मुलाच्या खुळाला सूनच खतपाणी घालते. त्यांचं फारसं चुकत नाही.

इथे नाव लिहायला हरकत नाही, वहीचं कोण ऐकतंय. राजाराम. गिरगावातल्या छापखान्यात खिळे जुळवतात. शिशाचं एकेक अक्षर चिमटीत उचलायचं आणि उलट्या बाजूने ओळ लावायची. मी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा पाहिलं, डोळे कागदावर आणि बोटं आपली आपण खणात जाऊन येतात. माझ्याशी बोलत होते तरी एक अक्षर चुकलं नाही. त्या दिवशी मला माझ्या नवऱ्याचा पहिल्यांदा अभिमान वाटला. लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं.

तर आज नाना आले आणि आमच्या लालबागच्या खोलीत जमिनीवर नकाशा पसरला. नाना दादरच्या शाळेत चित्रकला शिकवतात. दार्जिलिंगला जाऊन डोंगर चढायचं रीतसर शिकून आलेत. बरोबर कुशाबा होता, काळाचौकीचा, ट्रामच्या कारखान्यात फिटर. हे तिघं दर रविवारी मुंब्र्याच्या कड्यांवर लोंबकळत असतात. आता जानेवारीत कुलूच्या वरचं एक शिखर चढणार. भर हिवाळ्यात. उन्हाळ्यात कोणीही जातं, असं नानांचं म्हणणं.

माझ्या वाट्याला हातमोजे आले. शिवणकामाच्या परीक्षेत पहिली आले त्याचा कोणाला तरी उपयोग झाला म्हणायचा. नानांनी खडूने फरशीवर तीन हात काढले. खडकाला पातळ मोजा, बोटं सुटी, कारण बोटाला कपार कळली पाहिजे. कुऱ्हाडीने बर्फात पायऱ्या खोदायच्या तर तळव्याला कातडं, आतून ऊब. आणि नुसत्या भुसभुशीत हिमातून चालायचं तेव्हा पिशवीसारखा मोजा, अंगठा तेवढा वेगळा, म्हणजे चारी बोटं एकमेकांना धरून राहतात. मी म्हटलं, बर्फ आणि हिम यात फरक काय? आम्हाला बर्फ म्हणजे गोळेवाल्याचा. नाना हसले, पण सांगितलं मात्र नीट.

१५ नोव्हेंबर, रविवार

हे आणि मी चोरबाजारात गेलो. लष्कराच्या जुन्या सामानाचा ढीग घालून एक म्हातारा बसतो. तिथे लोकरीचे हातमोजे मिळाले, तीन जोड. जाड, खरबरीत, आणि वास असा की ट्रंकेत ठेवले तर साड्या टाकून द्याव्या लागतील. नानांनी सांगून ठेवलं होतं, आत घालायला लोकर बघा. म्हणून घेतले.

घरी आल्यावर उन्हात टाकताना एक गंमत दिसली. एका जोडीच्या उजव्या मोज्याची अंगठ्याजवळची दोन बोटं अर्ध्यावर दुमडून शिवून टाकली होती. बारीक, नीट टाके, बाईच्या हातचे वाटले. मला वाटलं फाटली असतील. रफू करावं म्हणून ब्लेडने टाके उसवले, तर आत फाटलेलं काहीच नव्हतं. बोटं नवीकोरी, न वापरल्यासारखी. मग शिवली कशाला? काही बायकांना सुई हातात आली की थांबता येत नाही.

हेच मोजे ह्यांना बरोबर बसले.

२२ नोव्हेंबर, रविवार

काल एकवीस तारीख. चार वर्षांपूर्वी फाउंटनला गोळीबार झाला तो दिवस. खालच्या मजल्यावरच्या चंपाचा दीर त्यात गेला, तिच्याकडे काल चूल पेटली नाही. चाळीत रेडिओ कोणी लावला नाही. हे छापखान्यातून आले ते बोटं काळी करूनच. मुंबईसह महाराष्ट्र द्यायचं दिल्लीत ठरत आलंय म्हणतात, त्याची पत्रकं. मी म्हटलं, बोटं तरी धुवा. म्हणाले, हा रंग असाच राहू दे आजच्या दिवस. मला उगाच ते बघवेना. साबण पुढे केला.

कातडं आणलंय, मऊ आहे. अस्तराचा प्रश्न होता. लोकर आत घातली की मोजा फुगतो आणि हाताला चावते. सासूबाई गिरणीत वाइंडिंगला आहेत, जन्म सुतात गेला. त्यांनी गिरणीच्या दुकानातून सुती फलालीन आणलं, इतकं मऊ की गालाला लावून बसावंसं वाटलं.

"सूत घाम पिता," त्या म्हणाल्या. "लोकर काय करता? नुसती चावता."

मुंबईत राहून हे कोण नाकारेल? मेहनतीचं काम करणाऱ्या माणसाला अंगात सुतीच हवं. नानांना विचारलं तर जरा घुटमळले, पण कापड हातात घेतल्यावर चालेल म्हणाले.

एकच वाद झाला. सासूबाई म्हणत होत्या, "अस्तर सुटां ठेव गो, धुवूक बरां पडात." मी ऐकलं नाही. सुटं अस्तर हात बाहेर काढताना बोटांतून ओढलं जातं आणि टोकाशी बोळा होतो. मी बोटाबोटाच्या टोकाला आतून टाका घालून पक्कं केलं. आता ओढून पाहा म्हणावं, निघायचं नाही.

१३ डिसेंबर, रविवार

आज परीक्षा होती, मोज्यांची. कुशाबाच्या ओळखीने भायखळ्याच्या बाजूच्या एका बर्फाच्या कारखान्यात गेलो. गेल्या रविवारी जायचं होतं, पण सहा डिसेंबर, कुशाबा दिवसभर दादरच्या चौपाटीवर होता. आत शिरताच माझे दात वाजायला लागले. सगळे हसले.

ह्यांनी माझे मोजे घातले आणि बर्फाच्या लाद्यांवर कुऱ्हाड चालवली. घामाघूम होईपर्यंत. मग विचारलं, हात? म्हणाले, चुलीपाशी बसल्यासारखे. मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही, लिहिलं तर दृष्ट लागेल.

मोजे तिथेच लाद्यांवर ठेवून आम्ही बाहेर चहा प्यायलो. परत गेलो तर कडक झाले होते, वाळलेल्या पापडासारखे. बोटं वळेनात. आतलं फलालीन घामाने भिजलं होतं ते गोठलं. कुशाबा मोजा हातात घेऊन बराच वेळ वाजवत बसला.

"वहिनी, हे वरती असं झालं तर?"

"वरती हवा कोरडी असते रे," नाना म्हणाले. "इथे मुंबईचा दमटपणा आहे."

घरी आणून गॅलरीत दोरीवर टाकले. भाजी निवडून होईपर्यंत खडखडीत वाळले आणि पुन्हा होते तसे मऊ. मी मुद्दाम खाली जाऊन कुशाबाला निरोप धाडला की वाळले. वाळायला असा कितीसा वेळ लागतो?

२० डिसेंबर, रविवार

कुशाबाचा राग आलाय. आला, बसला, पाणी प्यायला आणि मग मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, रागवू नका. माझ्या मोज्यांचं अस्तर काढून द्याल काय? नुसतं कातडं ठेवा. आत मी ते लोकरीचेच घालीन. ओले झाले तर काढून पोटाशी तरी धरता येतात."

मी त्याच्यासमोरच उसवायला बसले. एवढं बारीक काम, पण उसवायला काय लागतं. नानांचं म्हणाल तर ते दोन्ही नेणार आहेत, शिवलेलेही आणि लोकरीचेही. मास्तर माणूस, कोणाला नाराज करायचं नाही.

कुशाबा गेल्यावर हे म्हणाले, "मी तुझेच घालणार. तोंड नको पाडू."

"पाडलंय कोणी?"

"मग हस."

हसले. पण त्यांच्या न्यायच्या सामानात लोकरीचे मोजे घडी करून ठेवलेले मी पाहिले होते.

३ जानेवारी १९६०, रविवार

आज गेले. मुंबई सेंट्रलला निरोपाला छापखान्यातले झाडून सगळे आले होते, हार-बीर घातले. मालकांनी सांगितलं, राज्य झाल्याची बातमी जेव्हा केव्हा येईल तेव्हा आपल्या साप्ताहिकाच्या पहिल्या पानाचा मथळा राजारामच जुळवेल, तोवर दुसऱ्या कोणी त्या मोठ्या खिळ्यांना हात लावायचा नाही. त्यावर ह्यांनी खिशातून शिशाचा एक 'म' काढून दाखवला. शिखरावर नेणार आणि परत आणून त्याच मथळ्यात बसवणार. मालक म्हणाले, हरवलास तर महाराष्ट्र कसा व्हायचा? सगळे हसले.

गाडी सुटताना ह्यांनी हात हलवला तो उघडा. मोजे घालून हलवा म्हणणार होते. राहिलं.

४ जानेवारी

आज ट्रंक आवरताना माझ्या साड्यांच्या तळाशी काय सापडावं? ते लोकरीचे मोजे. नेलेच नाहीत. मला कळू नये म्हणून साड्यांखाली सारून गेले.

लोकरीचा वास सगळ्या साड्यांना लागलाय आणि मी त्या हुंगत बसले आहे. लग्नाला चार वर्षं झाली, पण इतकं सरळ कोणी सांगितलं नव्हतं की माझा तुझ्यावर भरवसा आहे. डोळे भरून आले. सासूबाईंनी विचारलं तर म्हटलं, वासाने.

१९ जानेवारी

संक्रांतीला हळदीकुंकू केलं. आज ह्यांचं कार्ड आलं. अक्षर मोत्यासारखं, नेहमीचं. तंबू लावलाय, शिखर समोर दिसतं, नाना जरा खोकतात. "तुझे मोजे झकास आहेत. पायऱ्या खोदताना हात भट्टीसारखे गरम असतात. सकाळी जरा कडक झालेले असतात, पण स्टोव्हवर धरले की वठणीवर येतात. पुढच्या तंबूत स्टोव्ह नेता येणार नाही, पण तिथे एकच रात्र काढायची आहे."

सासूबाईंना वाचून दाखवलं. शेवटची ओळ दोनदा वाचायला लावली. मी म्हटलं, आये, एकच रात्र. त्या पोळपाटाकडे बघत राहिल्या.

३० जानेवारी

कार्ड आलं, पण कुशाबाच्या अक्षरात. खाली उतरले आहेत. शिखराला हात लागला नाही, वादळ आलं. पुढे लिहिलंय, "राजारामच्या बोटांना थंडी बाधली आहे. काळजी नसावी."

मला हसू आलं. एवढे डोंगरवीर आणि थंडी बाधली. इथे आम्हाला माघ महिन्यात पहाटे नळावर गेलं की बाधते, सुंठ घेतली की उतरते. ह्यांचा आळस मात्र बघा, दोन ओळींचं कार्ड आणि तेही कुशाबाकडून लिहवून घेतलं.

उलट टपाली लिहिलं की तिळाचं तेल कोमट करून बोटं जोराने चोळा, लाल होईपर्यंत चोळा, आळस करू नका. सासूबाईंनी ओव्याची पुरचुंडी करायला घेतली होती शेकायला. म्हटलं, आये, तिकडे ओवा मिळत असेल. तरी बांधलीच.

शिखर राहिलं याचं ह्यांना फार लागलं असेल. आले की गोडाचं करायचं.

१४ फेब्रुवारी

परवा आले. दोन दिवस काही लिहावंसं वाटत नव्हतं, आजही वाटत नाही.

उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. पट्टी बदलताना मी पाहिलं. अंगठ्याजवळची दोन बोटं मधल्या सांध्यापासून काळी आहेत. शाईने काळी व्हायची तशी नाही. वाळलेली, कोकमाच्या सालासारखी. मी हात लावला तर म्हणाले, लागलेलं कळत नाही. परळच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, आता थांबायचं, काळं आपोआप कुठे थांबतं ते बघायचं, मग ठरवायचं. त्यांनी विचारलं, वरती कोणी चोळली का ही बोटं? चोळली की जास्तच बिघडतात. हे म्हणाले, नाही. मला बरं वाटलं आणि लगेच वाटलं, माझं पत्र पोचलंच नसेल का?

डॉक्टरांनी मग विचारलं, हातात काय घातलं होतं? हे काही बोलायच्या आत कुशाबा म्हणाला, "काय पण घातलं असतं तरी तेच झालं असतं डॉक्टरसाहेब. वाराच तसला होता."

वाऱ्याने झालं. वाऱ्यापुढे माणूस काय करणार?

सासूबाई ओव्याची पुरचुंडी घेऊन बसल्या होत्या. ती त्यांच्या हातातून मी काढून घेतली.

६ मार्च, रविवार

आज कपडे धुताना ह्यांच्या सामानात माझे मोजे दिसले नाहीत. विचारलं. हे म्हणाले, उतरताना दरीत पडले. संध्याकाळी कुशाबा आला तेव्हा सहज त्यालाही विचारलं. तो चटकन म्हणाला, स्टोव्ह पेटवायला जाळले.

दोघांचं जुळत नाही.

मी दोघांकडे बघितलं. हे खिडकीबाहेर बघत होते आणि कुशाबा कपातल्या चहाकडे. लहान मुलांनी काहीतरी फोडलं की जसं घर गप्प होतं तसं झालं होतं. मी विचारलं, "कडक झाले होते ना?"

कुशाबा कप खाली ठेवून म्हणाला, "लोकरीचा माझा जोड मी देत होतो वहिनी. घेईना."

"तुझ्या हातात काय राहिलं असतं मग?" हे म्हणाले.

तो विषय तिथेच संपला. चहा निवला होता, मी दुसरा केला. फलालीनचा उरलेला तुकडा शिवणयंत्राच्या खणात आहे. अजून तितकाच मऊ आहे. मला त्या मऊपणाची शिसारी आली, आणि टाकूनही देववेना.

२७ मार्च, रविवार

बुधवारी बोटं काढली. दोन्ही, अर्ध्यावर. अंगठा वाचला.

शुद्धीवर आल्यावर ह्यांनी पहिल्यांदा 'म' मागितला. माझ्या पाकिटात होता, दिला. अंगठ्याने आणि उरलेल्या बोटांनी धरून बघितला. तीनदा गादीवर पडला. चौथ्यांदा मी उचलून ठेवून दिला.

मी म्हटलं, "मला काहीतरी बोला. रागवा तरी."

"कशाबद्दल?" म्हणाले. आणि डाव्या हाताने माझी वेणी ओढली, हलकीच, नवं लग्न झालं होतं तेव्हा ओढायचे तशी. रागावले असते तर सोसलं असतं. हे सोसत नाही.

१ मे १९६०, रविवार

राज्य झालं. काल संध्याकाळपासून लालबाग झोपलेलं नाही. गॅलऱ्यांना पताका, दिव्यांच्या माळा, सगळीकडे पेढे. चंपाने दिराच्या फोटोला हार घातला आणि खाली मिरवणुकीत गेली. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

मालकांनी सकाळीच माणूस पाठवला होता. मथळा लावायचाय, राजारामने यावं. येऊन नुसतं उभं राहावं, दुसरा कोणीतरी जुळवेल, पण त्याने यावं. मला वाटलं जाणार नाहीत. हे आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार. 'म' खिशात टाकला. एवढा एक खिळा तरी मीच ठेवणार, म्हणाले.

मग दारात थांबले. हात पाठीमागे घेतला. जखमेचं कातडं अजून कोवळं आहे, छापखान्यातली शाई आणि रॉकेल त्यावर चालायचं नाही. आणि लोक बघतील.

"हाताला घालायला काही आहे का गं?"

मला ट्रंक उघडायला वेळ लागला. ते लोकरीचे मोजे साड्यांच्या तळाशी होते. उजवा मोजा त्यांनी घातला. पहिली दोन बोटं पुढे पोकळ लोंबत होती. त्यांनी हात हलवला तर ती पोकळ बोटं दाराच्या कडीला अडकली. खिळ्यांच्या खणात तर किती अडकतील.

"काढा," मी म्हटलं. "एक मिनिट लागेल."

सुईदोरा घेऊन मी उंबऱ्याशी उजेडात बसले. बोटं अर्ध्यावर आत दुमडली. लोकरीवर जुन्या, मीच नोव्हेंबरात उसवलेल्या टाक्यांची भोकं अजून दिसत होती. नवी जागा शोधावी लागली नाही. सुई आपली त्याच भोकांतून जात राहिली, आणि मला ती बाई दिसायला लागली, कुठल्या गावची, कुठल्या देशाची, तीही अशीच दारात बसली असेल आणि तिचाही कोणीतरी पाठीमागे हात घेऊन उभा असेल.

खाली ताशे आले. सासूबाई साखर घेऊन बाहेर आल्या आणि वाकून बघायला लागल्या.

"मोजो फाटलो काय गो?"

"नाही आये," मी म्हटलं. "फाटलेलं काही नाही." आणि दोरा तोडला.